सड्यावरची अनोळखी वनस्पती नवी आहे, हे ठरवायचं कसं?

सिंधुदुर्गातल्या एका शिक्षकांनी विचारलंय: "आमच्या गावच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, सलग दोन पावसाळे मला एक अगदी बुटका गेंद दिसतोय. खळगीच्या काठाला येतो, बोटाच्या पेराएवढाच उंच, डोकं करडं आणि मोहरीपेक्षा जरासं मोठं. पुस्तकातल्या कुठल्याच फोटोशी जुळत नाही. ही नवी प्रजाती असू शकते का? असली, तर तशी नोंद करायची म्हणजे नेमकं काय करायचं असतं?"

सर, असू शकते. तुम्हाला बरं वाटावं म्हणून हे म्हणत नाही. गेंदाच्या म्हणजे एरिओकॉलॉनच्या शंभराहून अधिक प्रजाती एकट्या भारतात आहेत, त्यातल्या बऱ्याचशा सह्याद्रीत आणि कोकणात, आणि अजूनही नव्या सापडतायत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी काही वर्षांपूर्वी दोन नव्या प्रजाती प्रसिद्ध केल्या. त्यातली एरिओकॉलॉन पार्व्हिसेफालम तुमच्याच सिंधुदुर्गातली. डोकं फार लहान म्हणून ते नाव. दुसरी कर्नाटकातल्या कुमट्याची, करावळी किनाऱ्यावरून नाव मिळालेली एरिओकॉलॉन करावलेन्स. तेव्हा सड्यावरचं लहान डोकं कुणी अजून पाहिलेलंच नाही, हे शक्य कोटीतलं आहे. मात्र फोटोशी जुळत नाही, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. गेंद फोटोवरून ओळखता येत नाही. ज्याने आयुष्य त्यात घातलंय त्यालाही नाही.

आधी सड्याबद्दल बोलतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. लाखो वर्षं पाऊस झिरपून काळ्या दगडातली सिलिका आणि इतर क्षार धुऊन गेले, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरलं आणि वर जांभ्याचा कडक थर तयार झाला. कोकणात तो समुद्राजवळच्या कमी उंचीवर आहे. घाटमाथ्यावर कास, चाळकेवाडी, मसाई अशा पठारांवर आहे. माती कुठे नखभर, कुठे वीतभर, आम्लधर्मी आणि निकस. जून ते सप्टेंबर पाण्याखाली, नोव्हेंबरनंतर तापलेला तवा. झाडाला इथे जगायचं तर दोनच वाटा. एकतर चार महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून मरायचं, नाहीतर कंदाच्या रूपात जमिनीखाली आठ महिने दम धरायचा. शिवाय एका सड्यावरून दुसऱ्या सड्यावर जायचं तर मध्ये दऱ्या, रान, भातखाचरं. म्हणजे प्रत्येक सडा एक बेटच. बेटावर जे होतं ते इथेही झालंय: वेगळ्या पडलेल्या झाडांच्या हळूहळू वेगळ्या प्रजाती झाल्या. कासच्या परिसरातला वायतुरा घ्या. इंग्रजी 'वाय'च्या आकाराचा तुरा येतो म्हणून वायतुरा. गुरं वळणारी माणसं त्या डबक्यांवरून पिढ्यान्‌पिढ्या जात होती, पण शास्त्रात त्याची अपोनोजेटॉन सातारेन्सिस म्हणून नोंद झाली ती १९८२ मध्ये.

सड्यावरची एक खळगी मला अजून डोळ्यांपुढे दिसते. जेवायच्या ताटाएवढी. मधोमध चार बोटं पाणी, त्यात निम्फॉइडिसची कुमुदिनी. पाण्याच्या कडेला गेंद, त्याच्या बाहेर जिथे पाणी नुसतं पाझरतं तिथे सीतेची आसवं आणि दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पती, त्याबाहेर डायमेरिया गवत आणि अगदी कोरड्या कडेला शेवाळाच्या गादीवर एखादं सायनोटिस. ताटाच्या कडेपासून मध्यापर्यंत हातभर अंतर नाही, आणि त्यात पाच वेगळी घरं. तुमचा गेंद यातल्या नेमक्या कोणत्या घरात राहतो, हे वहीत लिहिलंत का? नसेल लिहिलं, तर ते पहिलं काम. नंतर हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, वाळका नमुना बघणाऱ्याला हे कधीच कळणार नाही.

आता शंकेकडे. सड्यावर बुटकेपणाला काडीचीही किंमत देऊ नका. एकच प्रजाती खोल खळगीत वीतभर वाढते आणि नखभर मातीत तीच पेराएवढी राहते, तेवढ्यातच फुलते आणि बी टाकते. याला मी उपाशी झाड म्हणतो. पानाची लांबी, दांड्याची उंची, डोक्याचा व्यास, या तिन्ही गोष्टी पाण्यावर आणि मातीवर हलतात. त्यामुळे पहिली कसोटी सड्यावरच घ्यायची: तुमच्या गेंदाची एखादी वाढ खोल मातीत, भरपूर पाण्यात सापडते का, आणि तिथेही तो तसाच बुटका राहतो का? शेजारी नेहमीचा मोठा गेंद असेल, तर दोघांच्या मधल्या उंचीची झाडं दिसतात का? पायरीपायरीने दोघं एकमेकांत मिसळत असतील, तर गोष्ट तिथेच संपली. दोघं एकाच खळगीत, एकाच ओलीत, एकमेकांना खेटून वाढतायत आणि तरी मधलं काहीच नाही, असं असेल तर मात्र कान टवकारायचे. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे दोघांचं बी गोळा करून पुढच्या जूनमध्ये एकाच मातीच्या, एकाच पाण्याच्या कुंड्यांत शेजारी शेजारी लावायचं. कुंडीत फरक टिकला, तर तो रक्तातला आहे.

मग डोकं फोडायचं. इथे घाई करू नका, हाच या कामाचा गाभा आहे. गेंदाचं डोकं म्हणजे एक फूल नव्हे, शेकडो बारक्या फुलांची वसाहत आहे. नर फुलं वेगळी, मादी वेगळी, एकाच डोक्यात. वाळलेलं डोकं असेल तर पाण्यात एक उकळी आणा, मऊ पडतं. काचपट्टीवर ग्लिसरीनचा थेंब, डिसेक्टिंग मायक्रोस्कोप आणि इन्शुलिनच्या दोन सुया. बाहेरून आत जायचं. आधी डोक्याला तळाशी वेढणारे छद, म्हणजे खवल्यांसारखी बारकी पानं: किती, कसे, टोकदार की गोल, खाली वळलेले की नाही. मग एकेका फुलामागचा छद: त्यावर पांढरी लव आहे का, आणि ती टोकालाच आहे की पाठभर. मग नर फूल: निदलं सुटी की जोडून एक झालेली, पुंकेसर चार की सहा, परागकोश काळे की फिके. बहुतेक गेंदांत ते काळे असतात, म्हणून फिके दिसले तर दोनदा बघा. कोवळे असतानाही ते फिके वाटू शकतात. मग मादी फूल: निदलं तीन, दोन की नाहीतच, दलं आहेत का, त्यांच्या टोकाशी काळी ग्रंथी आहे का, बीजांडकोशाचे कप्पे दोन की तीन. एका फुलावर विश्वास ठेवू नका. एका डोक्यातली दहा मादी फुलं, अशी दहा झाडांची डोकी, आणि ती झाडं वेगवेगळ्या खळग्यांतली. माझ्या वहीत एका प्रजातीचे असे सहा पावसाळ्यांचे तक्ते आहेत आणि त्यातले पहिले दोन पावसाळे निरुपयोगी ठरले, कारण मी फुलं मोजली, बी बघितलंच नाही.

बी हा गेंदाचा अंगठा आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा पिवळट तांबूस दाणा. साध्या भिंगातून गुळगुळीत वाटतो. मोठं करून पाहिलं की त्यावर पेशींची जाळी दिसते आणि त्या जाळीच्या भिंतींवरून कधी दातऱ्या, कधी केसासारखे तंतू, कधी नुसते उंचवटे निघालेले असतात. वरून जुळे दिसणारे दोन गेंद इथे वेगळे होतात. याचा फोटो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर काढावा लागतो आणि तो गावात मिळणार नाही. पण त्यासाठी विद्यापीठं आहेत, त्यांच्याकडे जायला लाजू नका. तुमच्याकडून त्यांना हवं असतं ते पिकलेलं बी. ते सड्यावर राहणारा माणूसच वेळेवर गोळा करू शकतो.

एवढं झालं की तुमच्या हातात वर्णन आलं. आता उरतं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात निर्णायक काम: हे वर्णन आजवर कुणी केलेलं नाही, याची खात्री. नव्या नावाचा पुरावा जुन्या नावांच्या कपाटात असतो. आपल्या भागासाठी थिओडोर कुकचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा, म्हणजे वनस्पतींच्या वर्णनांचा ग्रंथ (१९०१ ते १९०८), आणि गेंदांसाठी अन्सारी-बालकृष्णन यांचं भारतातल्या एरिओकॉलेसी कुळावरचं पुस्तक, हे तर हवंच. पण त्यावर थांबायचं नाही. एकोणिसाव्या शतकात डॅल्झेलसारख्या माणसाने, जो पुढे मुंबई इलाख्याच्या वनखात्याचा प्रमुख झाला, कोकणातल्या कितीतरी वनस्पती पहिल्यांदा वर्णन केल्या. सड्यावरची पांढरी दीपकाडी, डिपकाडी कॉन्कनेन्स, त्यानेच १८५० मध्ये नोंदवली. जुन्नरजवळच्या डोंगरावरचं शिवसुमन त्याने १८६४ मध्ये गव्हर्नर फ्रेअरच्या नावाने फ्रेरिया इंडिका म्हणून जगापुढे आणलं. आज त्याला बौसेरोसियात गणतात आणि नाव बदललंय, म्हणजे जुनं नाव शोधायचं तर दुसऱ्याच वंशात हात घालावा लागतो. त्या काळची वर्णनं लॅटिनमध्ये, बरीचशी चार-सहा ओळींची, ठिकाण म्हणून कित्येकदा नुसतं 'कोकण'. अशा चार ओळींत तुमचा गेंद लपलेला असू शकतो. तो आहे की नाही हे शब्दांवरून कळत नाही, मूळ नमुना बघावा लागतो. त्या नमुन्याला टाइप म्हणतात: नाव ज्या एका वाळवलेल्या कागदाला कायमचं बांधलेलं असतं तो कागद. आपल्याकडचे जुने टाइप बरेचसे लंडनमधल्या क्यू उद्यानाच्या हर्बेरियममध्ये आहेत. आम्ही उमेदवारीत होतो तेव्हा पत्रं पाठवून महिनोन्‌महिने वाट बघायचो. आता बहुतेकांचे फोटो संगणकावर दिसतात. पण फोटोत बी दिसत नाही. शंका राहिली तर तिथल्या अभिरक्षकांना लिहा, ते मदत करतात.

माझ्याबाबतीत घडलेलं सांगतो. एका सड्यावरचा गेंद मी तीन वर्षं पाहिला, चित्रं काढली, नावही ठरवलं. लेख पाठवायच्या आदल्या महिन्यात एका जुन्या हर्बेरियममध्ये दुसरंच काही शोधत असताना, भलत्याच प्रजातीच्या फोल्डरमध्ये एक पिवळा पडलेला कागद हाती आला. माझाच गेंद. शंभर वर्षांपूर्वीचा, फिक्या शाईतल्या अक्षरांत नावासकट. कुणीतरी त्याला नाव दिलं होतं, नंतरच्या कुणीतरी ते नाव दुसऱ्या प्रजातीचा पर्याय म्हणून मोडीत काढलं होतं आणि मी पर्यायी नावांची यादी नीट तपासलीच नव्हती. तो दिवस मला जड गेला. पण काम वाया गेलं नाही: माझ्या बियांच्या चित्रांमुळे ते जुनं नाव पुन्हा उभं करता आलं. नव्या नावाइतकंच ते मोलाचं काम होतं, असं मला आजही वाटतं. तुमच्याबाबतीत असं निघालं, तर वाईट वाटून घेऊ नका.

आता नमुना. इथे कायदा, नियम आणि सद्सद्विवेक तिन्ही एकत्र येतात. सडा अभयारण्यात किंवा राखीव वनात असेल तर वनखात्याच्या परवानगीशिवाय एक काडीही उचलायची नाही. खासगी किंवा गावकीची जमीन असेल तर मालकाला आणि ग्रामपंचायतीला सांगा. जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ प्रमाणे भारतात कुणालाही नवी प्रजाती सापडली, तर तिची माहिती ठरवून दिलेल्या संस्थेला द्यावी लागते आणि नमुना तिथे जमा करावा लागतो; वनस्पतींसाठी भारतीय वनस्पती सर्वेक्षण ही त्यातली मुख्य संस्था, आणि तिचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यातच आहे. परदेशातल्या मित्राला पाकिटातून नमुना पाठवायचा मोह झाला तर आवरा, त्याला परवानगी लागते.

किती घ्यायचं? आधी मोजा. खळग्यांत मिळून पन्नास झाडंही नसतील, तर एक-दोन पुरे, आणि तीही बी गळू लागल्यावर. हजारो असतील तर एका कागदावर दहा-पंधरा बारकी झाडं लावता येतात. ती सगळी मिळून एकच नमुना धरला जातो, अट एवढीच की ती एका ठिकाणची, एका दिवशी, एकाच संग्राहकाने गोळा केलेली हवीत. आणि इथेच सड्यावर मोठा घोळ होतो. एका खळगीत दोन-तीन गेंद मिसळून असतात, मूठ भरून उपटलं की कागदावर दोन प्रजाती लागतात. पुढे पन्नास वर्षांनी कुणी त्या कागदाकडे बघतो, तेव्हा नाव कोणत्या झाडाचं हेच कळत नाही. म्हणून प्रत्येक झाड भिंगाखाली बघूनच कागदावर लावा. पावसाळ्यात नमुना वाळवणं ही कोकणात वेगळीच परीक्षा आहे: कागद सकाळ-संध्याकाळ बदला, नाहीतर तिसऱ्या दिवशी बुरशी. चुलीच्या वरच्या माळ्यावरच्या धगीत दाब ठेवला की उत्तम वाळतो. आम्ही वर्षानुवर्षं तेच केलं. थोडी डोकी सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये आणि एक-दोन पानं सिलिका जेलमध्ये ठेवा, ती डीएनएसाठी. बरोबर वहीत क्रमांक, तारीख, उंची, जागा, खळगीची खोली, शेजारची झाडं, ताज्या फुलाचा रंग. रंग वाळल्यावर जातो.

नाव वैध ठरायला नियम काय लागतात, ते वनस्पतींच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत लिहिलेलं आहे आणि ते वाटतात त्याहून थोडे आहेत. वनस्पतींची नावं १ मे १७५३ पासून, म्हणजे लिनियसपासून धरतात. १९५८ पासून नव्या प्रजातीला टाइप सांगावाच लागतो. १९९० पासून 'होलोटाइप' किंवा तसा शब्द वापरून तो कोणत्या हर्बेरियममध्ये आहे तेही लिहावं लागतं. १९३५ ते २०११ पर्यंत वर्णन लॅटिनमध्ये सक्तीचं होतं. २०१२ पासून लॅटिन किंवा इंग्रजी, दोन्ही चालतं आणि आयएसएसएन हा नोंदणी क्रमांक असलेल्या नियतकालिकात ऑनलाइन पीडीएफ छापून आलं तरी ते प्रकाशित समजलं जातं. वर्तमानपत्रात आलेलं नाव मात्र नाव नव्हे. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगतो, लेख छापून येण्याआधी कुठेही नाव फोडू नका. शाळेच्या कार्यक्रमातसुद्धा नाही.

लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे निदान: जवळच्या प्रजातीपासून ही वेगळी कशी, हे दोन-तीन वाक्यांत. "आकाराने लहान, पानं अरुंद" असं लिहून आलेले मसुदे मी परत पाठवतो. निदान असं हवं: अमुक प्रजातीशी जवळची, पण तिच्या मादी फुलाला तीन निदलं, हिला दोन, तिचे परागकोश काळे, हिचे फिके, तिच्या बीवर तंतू, हिच्यावर नुसते उंचवटे. तीन-चार ठाम, मोजता येणारे आणि पाण्याने न बदलणारे फरक. त्याच्या जोडीला रेखाचित्र. फोटो सगळं दाखवतो, म्हणूनच काय बघायचं ते दाखवत नाही, रेखाचित्र दाखवतं. डीएनएचा तुकडा वाचून वंशवृक्षात जागा दाखवली तर लेख भक्कम होतो, पण ती सक्ती नाही.

नाव काय द्यायचं, याचा विचार सगळ्यात आधी करणारे मला भेटतात. तुम्ही विचारलंच नाहीत, हे मला आवडलं. तरी दोन गोष्टी. नावाला लॅटिन व्याकरण लागतं, विशेषणाचं लिंग वंशाच्या लिंगाशी जुळलं पाहिजे. एरिओकॉलॉन नपुंसकलिंगी, म्हणून करावलेन्स. अपोनोजेटॉन पुल्लिंगी, म्हणून सातारेन्सिस. माणसाचं नाव द्यायचं तर ज्याने त्या गटासाठी किंवा त्या जागेसाठी काही केलं त्याचं: सेरोपेजिया महाबळेई हे कंदीलपुष्प पुण्याच्या प्रा. महाबळ्यांच्या नावाचं, स्मिथिया आघारकराई प्रा. शं. पु. आघारकरांच्या. विशाळगडावर सापडलेल्या कंदीलपुष्पाला शिवरायांचं नाव दिलं, सेरोपेजिया शिवरायियाना. स्वतःचं नाव देऊ नये, हा लिखित नियम नसला तरी पाळायचा संकेत आहे. आणि तेच नाव त्या वंशात आधी कुणी वापरलेलं नाही ना, हे आंतरराष्ट्रीय नामसूचीत तपासा, नाहीतर तुमचं नाव जन्मतःच बाद.

प्रसिद्ध कुठे करायचं? फायटोटॅक्सा, नॉर्डिक जर्नल ऑफ बॉटनी, क्यू बुलेटिन, आपल्याकडची ऱ्हिडिया. पण एकट्याने जाऊ नका. एखाद्या गेंदाच्या जाणकाराला सहलेखक म्हणून घ्या आणि तुमचं नाव त्यात असेलच, हे पहिल्याच पत्रात स्पष्ट करा. गावातल्या माणसाने दाखवलेली वनस्पती आणि लेखात त्याचा उल्लेखही नाही, असं मी पाहिलंय आणि ते मला फार लागतं. माझ्या एका सड्यावर गुरं चारणाऱ्या आजीने एका खळगीकडे काठी दाखवून म्हटलं होतं, "ह्यां थंयसरच येता, दुसरीकडे नाय." त्या वाक्याने माझे दोन पावसाळे वाचले. ती आणखी तीन सडे फिरलेली होती आणि तिचं म्हणणं खरं निघालं.

आता ज्या गोष्टीने मला रात्री झोप लागत नाही, ती. सातबाऱ्यावर सडा म्हणजे पोटखराबा. कागदावर तिथे काहीच नाही. म्हणून चिरेखाणीला तो सहज मिळतो. सुरुंग लावून खड्डे पाडून, बाहेरून माती आणून भरून कलमं लावायलाही सहज मिळतो. चिऱ्याची यंत्रं सड्याचा वरचा थरच कापतात, आणि तुमच्या गेंदाचं सगळं जग त्या वरच्या हातभर थरात आहे. पुन्हा कधी तिथे खळगी होणार नाही. नव्या प्रजातीच्या लेखात धोक्याची वर्गवारी लिहायचा प्रघात आहे. पन्नासपेक्षा कमी प्रौढ झाडं असतील तर आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या निकषाने ती अतिसंकटग्रस्त ठरते. वावराचं क्षेत्र दहा चौरस किलोमीटरपेक्षा कमी असणं हाही एक निकष, पण त्यासोबत घट होतेय, ठिकाणं तुटक आहेत, असे किमान दोन पुरावे लागतात. बरेच लेखक 'अपुरी माहिती' असा शिक्का मारून सुटतात. मला ते पटत नाही. आसपासचे आणखी पाच-सहा सडे पायी फिरा, जिथे सापडला नाही तेही तारखेसह लिहा, आणि कोणत्या सड्यावर खाण चालू आहे तेही लिहा. ही माहिती तुमच्याखेरीज कुणाकडेही नाही.

लेखात अचूक अक्षांश-रेखांश छापायचे की नाही, याचं उत्तर वनस्पतीवर अवलंबून आहे. कंदीलपुष्प किंवा आमरी (ऑर्किड) असेल तर छापू नका, कंद काढून नेणारे असतात. गेंदाला तो धोका कमी, त्याला धोका जमिनीचा आहे, म्हणून गावाचं नाव छापून यावं या मताचा मी आहे. तुमच्या ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, कायद्यानेच. ती बहुतेक ठिकाणी कागदावर आहे. तिला जागं करा, लोकजैवविविधता नोंदवहीत सड्याची नोंद घाला. याचा उपयोग होतो. आंबोलीच्या हिरण्यकेशीच्या देवळातल्या कुंडात सापडलेल्या माशाचं वर्णन २०२० मध्ये प्रसिद्ध झालं, शिस्टुरा हिरण्यकेशी, आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. तुमच्याच जिल्ह्यात. आणि तुमच्या सड्यावर कातळशिल्पं असतील तर तीही जोडीला सांगा. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आहेत आणि चित्रांसाठी राखलेला कातळ गेंदासाठीही राखला जातो.

या पंधरवड्यात काय करायचं ते सांगतो, कारण वेळ निघून जातेय. तुमचा प्रश्न सप्टेंबरच्या मध्याला आला. पाऊस ओसरला की खळग्यांतलं पाणी आठ-दहा दिवसांत उतरतं आणि डोकी राखाडी पडून भुसभुशीत होतात. त्याच आठवड्यात बी पिकतं; आधी घेतलंत तर कच्चं, उशीर केलात तर गळून मातीत. दर दोन दिवसांनी सकाळी सड्यावर जा. एक डोकं तळहातावर घेऊन अंगठ्याने हलकं चोळा, फुंकर घाला. भुसा उडाला आणि तळहाताच्या रेषांत पिवळे-तांबूस कण अडकून राहिले, की दिवस आला. दहा झाडांची एकेक डोकी दहा वेगळ्या कागदी पुड्यांत, प्लास्टिकच्या नको, प्रत्येकीवर खळगीचा क्रमांक. शेजारच्या मोठ्या गेंदाचीही तशीच दहा. अर्ध्या पुड्या जूनच्या कुंड्यांसाठी डब्यात ठेवा आणि उरलेल्या घेऊन दिवाळीच्या सुट्टीत या; सूक्ष्मदर्शक माझ्याकडे आहे, आपण मिळून पहिलं डोकं उघडू.